केसाळ कुत्रा, गोचीड आणि घरातला ताप

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कोणत्याही गावातील कामगार वस्तीत संध्याकाळी फेरी मारली तर पाच-दहा दारांमागे एखादे पांढरे, झुपकेदार शेपटीचे कुत्रे दिसतेच. लोक त्याला पामेरियन म्हणतात, काही घरी 'पामोलियन' असेही ऐकायला मिळते. खरे पाहता ही आपल्याकडे रुळलेली स्पिट्झ जात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातल्या टफीने घराघरांतल्या पोरांना वेड लावले आणि तेव्हापासून हे कुत्रे बंगल्यातून चाळीत आणि चाळीतून झोपडपट्टीत आले. आता त्याच्या जोडीला ल्हासा, शित्झू, गोल्डन रिट्रीव्हर अशीही मंडळी दिसतात. कुणी विकत घेतलेले, कुणाला मालकाने कंटाळून देऊन टाकलेले. पोरांचा त्यात जीव असतो. आमचा त्याला विरोध नाही. पण लांब केसांचे कुत्रे पाळायचे तर त्या केसांखाली काय चालले आहे हे घरातील एका तरी माणसाला कळले पाहिजे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

केसांखाली गोचीड असतात.

गावठी कुत्र्यालाही गोचीड होतात, नाही असे नाही. पण त्याचे केस आखूड. कानावर बसलेला गोचीड चार हातांवरून दिसतो आणि कुत्रेही दाताने, पायाने बरेच काढून टाकते. केसाळ कुत्र्याला दोन थर असतात, वर लांब केस आणि खाली लोकरीसारखी दाट लव. गोचीड त्या लवेच्या तळाशी, कातडीला तोंड खुपसून बसतो. वरून हात फिरवला तर मऊ लागते, कुत्रे छान दिसते. आत मात्र पन्नास-साठ गोचीड रक्त पीत असतात. आंघोळ घातली, पावडर लावली, कुत्रे पांढरेशुभ्र झाले म्हणजे स्वच्छ झाले, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

गोचीड म्हणजे कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, मोठ्या गोचिडाला आठ. तो कोळ्याच्या कुळातला. नुकते जन्मलेले पिल्लू मात्र सहा पायांचे आणि इतके बारीक की खसखशीच्या दाण्यासारखे वाटते. उपाशी गोचीड चपटा, तांबूस-तपकिरी, तिळाएवढा. तोच रक्त पिऊन फुगला, म्हणजे मादी फुगली, की राखाडी, गुळगुळीत, एरंडीच्या बीसारखी दिसते. आपल्या बांधावरच्या एरंडीचे शास्त्रीय नावच मुळी लॅटिन भाषेतील गोचिडाच्या शब्दावरून पडले आहे, इतके हे साम्य जुने आहे.

आता मुख्य मुद्दा. वस्त्यांमधून फिरताना आम्हाला एक तक्रार नेहमी ऐकू येते. "भाऊ, आठ दिवसाआधी सारे गोचीड काढले, आता पुन्हा तितकेच दिसून रायले." बाई खोटे बोलत नाही. तिने खरोखरच मन लावून काढलेले असतात. आपल्या घरच्या आयाबायांना उवा काढण्याचा सराव असतो, तोच हात कुत्र्यावर चालतो. पण उवेचा आणि गोचिडाचा हिशेब वेगळा आहे, आणि घोळ इथेच होतो.

ऊ जन्मभर डोक्यातच राहते. तिथेच लिखा घालते. डोके साफ केले की प्रश्न मिटला. कुत्र्याचा तपकिरी गोचीड तसा नाही. तो अंगावर येतो, काही दिवस रक्त पितो आणि गळून पडतो. कुठेतरी फटीत जाऊन कात टाकतो, मोठा होतो आणि पुन्हा अंगावर चढतो. असे तीनदा घडते. पिल्लू असताना एकदा, मधल्या वयात एकदा, मोठा झाल्यावर एकदा. शेवटी पोटभर रक्त प्यालेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजार-दोन हजार, कधी त्याहूनही जास्त अंडी घालून मरते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात ते केवळ जेवायला आलेले. बाकीचे सारे घरात राहायला आहेत. जमाखर्चाच्या वहीत फक्त हातातली रोकड लिहायची आणि बँकेतली शिल्लक विसरायची, तसा हा प्रकार होतो.

आणि घर कसे असते आपले? विटांची भिंत, बहुतेकदा बाहेरून गिलावा नसलेली. विटांच्या सांध्यात बोट शिरेल एवढ्या फटी. वर टिनपत्रे. सपरीत बाज टाकलेली, बाजेखाली कुत्रे. भिंतीला टेकून चुलीसाठी पऱ्हाट्यांचा ढीग. कोपऱ्यात पोत्यांची चळत. गोचिडाला यापेक्षा चांगली जागा कुणी बांधून दिली नसती. या जातीच्या गोचिडाला वर चढण्याची खोड आहे, म्हणून तो जमिनीपेक्षा भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या मागे, बाजेच्या खुरांच्या खाचेत, फोटोच्या मागे अधिक सापडतो. उपाशी राहिला तरी महिनोन्महिने मरत नाही. कुत्रे गावाला पाठवले, दोन महिन्यांनी आणले, तरी भिंतीतले वाट पाहत असतातच.

गोठ्यातल्या गोचिडांची गोष्ट आणखी वेगळी. आर्वी, आष्टी, कारंजा भागात गवळाऊ गाई आहेत, त्यांच्यावर चिकटतात ते बहुतेक वेगळ्या जातीचे. त्यातला नेहमी दिसणारा जनावराचा गोचीड एकाच जनावरावर सारे बालपण काढतो. त्यामुळे गाईसाठी आणलेले औषध, गाईसाठी सांगितलेली मात्रा कुत्र्याला चालेल असे समजू नये. याविषयी पुढे बोलणारच आहोत.

शोधायचे कसे ते आधी सांगतो. रविवारी सकाळी, उजेडात, अंगणात पांढरे जुने लुगडे किंवा चादर अंथरून त्यावर कुत्र्याला बसवावे. पांढऱ्यावर पडलेला गोचीड पळताना दिसतो, मातीवर दिसत नाही. एकाने कुत्र्याचे डोके मांडीवर धरून त्याच्याशी बोलत राहायचे, दुसऱ्याने शोधायचे. घरात एखादा दहा-बारा वर्षांचा समजदार पोरगा असेल तर डोके धरायला तोच उत्तम, कुत्रे त्याचेच ऐकते. पोराने गोचिडाला हात लावायचा नाही, एवढे बजावून ठेवावे. केस ओले नकोत. आधी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा, कारण गुंत्याखाली, जटांखाली हमखास गोचीड असतात. सुटत नसलेली जट कात्रीने कापून टाकावी, ओढू नये. मग बारीक फणी घ्यावी. ही फणी कुत्र्याची वेगळी ठेवावी, लेकरांच्या डोक्याची तीच फणी कुत्र्याला वापरू नये.

केस उलट्या बाजूने, शेपटीकडून मानेकडे, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी दुभागत जायचे. कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे. एक रेघ झाली की बोटभर पुढे दुसरी. घाई करणाऱ्याचे हे काम नाही. डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक भरवसा ठेवावा. कातडीवर बोटांची टोके टेकवून हळूहळू सरकवली की ज्वारीच्या दाण्यासारखे काही लागते. तिथे केस बाजूला करून पाहावे. सर्वांत आधी कान, आतून आणि मुळाशी. मग पापण्यांच्या कडा, ओठांखाली, गळ्याचा पट्टा काढून त्याखाली, पुढच्या पायांच्या काखा, जांघा, शेपटीच्या बुडाखाली. पायाच्या बोटांमधली जागा बहुतेक सगळे विसरतात. केसाळ कुत्र्याच्या पंजाखाली केसांचा गोंडा असतो आणि त्यात पाच-सहा गोचीड आरामात बसतात. कुत्रे लंगडते, आपण काटा शोधतो आणि निघतो गोचीड.

एक सूचना द्यावीशी वाटते. पोटाखाली दोन ओळींत लहान गाठी लागतील, त्या स्तनाग्रांच्या. नर कुत्र्यालाही त्या असतात. फुगलेला गोचीड समजून चिमट्याने ओढणारे लोक आम्हाला माहीत आहेत, बिचारे कुत्रे किंचाळते. गोचीड असेल तर कातडीजवळ पाय वळवळताना दिसतात. पाय दिसल्याशिवाय ओढू नये. चामखिळीचेही तसेच.

काढायला टोकदार चिमटा हवा. भुवया कोरायचा चालतो. हातात पिशवी किंवा रबरी मोजा घालावा. फुगलेल्या पोटाला न धरता, अगदी कातडीला लागून, तोंडाजवळ पकडावे आणि सरळ वर, सावकाश, एकसारखा जोर देत ओढावे. पिळू नये, झटका देऊ नये. एखादे वेळी तोंडाचा काळा तुकडा आत राहतो. तो सुईने उकरत बसू नये. कातडी त्याला आपोआप बाहेर टाकते, उकरल्याने मात्र पू होतो. काढलेला गोचीड साबणाच्या दाट पाण्याच्या वाटीत किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. कुत्र्याची ती जागा आणि आपले हात साबणाने धुवावेत.

जुन्या युक्त्यांबद्दल बोललेच पाहिजे. पेटती उदबत्ती किंवा विडी टेकवणे, रॉकेल ओतणे, चुना लावणे, तंबाखूचे पाणी. याने गोचीड कधी सुटतो, कधी सुटत नाही, पण त्रास झालेला गोचीड पोटातले रक्त आणि लाळ जखमेत उलट ओकण्याची भीती असते, आणि रोग नेमका त्यातून जातो. कुत्र्याची कातडी भाजते ती वेगळी, आणि अंगावरचे रॉकेल ते चाटते. सर्वांत वाईट सवय म्हणजे अंगठ्याच्या नखावर चिरडणे किंवा दगडाने ठेचणे. 'फट्' असा आवाज येतो, पोरांना मजा वाटते. ते रक्त बोटाच्या चिरेत, डोळ्यात गेले तर काय होऊ शकते, ते आता सांगतो.

गोचिडाच्या एका तापाला डॉक्टर 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. तो रिकेट्सिया नावाच्या सूक्ष्म जंतूमुळे होतो आणि कुत्र्याचा तपकिरी गोचीड हा जंतू वाहून आणणाऱ्यांपैकी एक आहे. हा आजार दूरदेशीचा नाही. आपल्या विदर्भातल्या अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी तापाने आलेल्या लहान मुलांच्या नोंदी ठेवून, हा आजार लवकर कसा ओळखावा याविषयीचा अभ्यास २०११ साली बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. गोचीड चावल्यानंतर साधारण आठवडाभरात ताप येतो, डोके आणि अंग फार दुखते, आणि दोन-चार दिवसांत अंगावर लाल पुरळ उठते. ते हाताच्या तळव्यांवर आणि पायांच्या तळव्यांवरही दिसते, ही महत्त्वाची खूण. कधी चावल्याच्या जागी काळी खपली असते, पण ती नसली म्हणून आजार नाही असे होत नाही.

धोका असा की सुरुवातीला तो डेंग्यूसारखा, गोवरासारखा, टायफॉइडसारखा वाटतो. पावसाळ्यात या तिन्हींची आपल्याकडे वाण नाही. आणि आपण नेहमी आणतो त्या पेनिसिलीनच्या जातीच्या गोळ्या या जंतूवर चालत नाहीत. चालते ते डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध. लहान मुलांनाही या आजारात डॉक्टर ते देतात आणि वेळेवर दिले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर मेंदू, फुफ्फुस, मूत्रपिंडापर्यंत जाते, मूल दगावूही शकते. औषध कोणते आणि किती हे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नये. आपले काम एकच आणि ते डॉक्टर करू शकत नाहीत. घरी कुत्रे आहे, त्याच्या अंगावर गोचीड होते आणि ते आम्ही काढतो, हे केसपेपर काढल्यावर आपण होऊन सांगायचे. सेवाग्रामच्या, सावंगीच्या किंवा सामान्य रुग्णालयाच्या ओपीडीत शंभर पेशंटची रांग असते, डॉक्टर प्रत्येकाला कुत्र्याविषयी विचारणार नाहीत. आपले लोक डॉक्टरांपुढे गप्प उभे राहतात, 'साहेब रागावतील' म्हणून. कुत्र्याचे सांगायला तर लाजतात, घर घाणेरडे समजतील म्हणून. लाजू नये.

२०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत 'स्क्रब टायफस'ने माणसे दगावली, हे वाचकांना आठवत असेल. तो या तापाचा दूरचा भाऊ, पण तो गवतातल्या अतिसूक्ष्म चिगर माइट्समुळे होतो, कुत्र्याच्या गोचिडाने नव्हे. त्या वर्षी काही ठिकाणी लोकांनी घाबरून कुत्री हाकलली, त्याला अर्थ नव्हता. तसाच सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली आलेला माकडताप. तोही गोचिडाचाच, पण जंगलातल्या निराळ्या गोचिडाचा. गुजरातेत साणंद तालुक्यात २०११ साली आढळलेला आणि ज्याच्या धास्तीने २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात सावधानतेचे आदेश निघाले तो काँगो ताप गुराढोरांवरच्या गोचिडाचा. सगळे एका पारड्यात टाकून भीती पसरवू नये. मात्र गोचीड उघड्या हाताने चिरडू नये ही गोष्ट या सगळ्यांना लागू आहे.

तपकिरी गोचीड मुळात कुत्र्यावरच खूश असतो, माणसाला क्वचित चावतो. पण कडक उष्णतेत तो माणसाकडे जास्त वळतो असे अभ्यासांत आढळले आहे. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे वर्धेकरांना सांगायला नको. उन्हाळ्यातही रविवार चुकवू नये, तो याचसाठी.

कुत्र्याचे स्वतःचे काय? त्याला गोचिडांमुळे रक्ताचे दोन मोठे आजार होतात. एकात ताप येतो, खाणे सुटते, पोटाच्या कातडीवर लाल टिपके उठतात, नाकातून रक्त येते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याची शेकडो कुत्री याच आजाराने मेली, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. दुसऱ्यात हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी काळपट तांबडी होते. या दुसऱ्या आजाराचा एक जंतू १९१० साली मद्रासकडच्या शिकारी कुत्र्यांत सापडला होता, म्हणजे तोही आपल्याच मातीतला. अशी लक्षणे दिसली की नुसते गोचीड काढून भागत नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींबरोबर कुत्र्यालाही पाहतात. फारच अवघड केस असेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९५८ पासूनचे आहे.

आता औषधे. कापसाच्या मुलखात प्रत्येक दुसऱ्या घरी फवारणीचे औषध असते आणि तेच पाण्यात कालवून कुत्र्याला चोळण्याची पद्धत आहे. ती तात्काळ थांबली पाहिजे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषाने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, धडधाकट माणसांचे. आठ किलोच्या कुत्र्याने तेच विष अंगावरून चाटले तर ते किती वेळ टिकेल? शिवाय त्याच कुत्र्याला लेकरे कवटाळून झोपतात. लांब केसांत विष अडकून राहते, आखूड केसांपेक्षा जास्त दिवस. गाईला देतात ते इंजेक्शनही कुणा ओळखीच्या माणसाकडून टोचून घेऊ नये. कोलीसारख्या काही लांब केसांच्या जातींना त्यातले आयव्हरमेक्टिन जिवावर बेतते.

कुत्र्यासाठीची योग्य औषधे आता मिळतात. मानेवर केस दुभागून कातडीवर सोडायचे थेंब महिनाभर काम करतात. केसाळ कुत्र्यात ते केसांवर सांडले तर वाया गेले, कातडीलाच लागले पाहिजेत, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. खाऊ घालायची गोळी आहे, एक महिन्याची आणि तीन महिन्यांची. तीन महिन्यांची गोळी एकदम चार-पाच दिवसांची रोजी खाऊन टाकते, हे खरे. पण ज्या घरात गोचीड भिंतीत भरले आहेत तिथे तीच स्वस्त पडते, कारण अंगावर चढलेला प्रत्येक गोचीड मरतो आणि भिंतीतली शिल्लक संपत येते. वजन करून, पशुवैद्यकाला विचारूनच घ्यावी. पिल्लू असेल, गाभण कुत्री असेल, झटके येणारे कुत्रे असेल तर तसे सांगावे. घरात मांजर असेल तर तेही सांगावे, कारण कुत्र्याची काही औषधे मांजराला विषासारखी आहेत. कडुनिंबाचे तेल, निंबाचा पाला वगैरे लावायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून राहू नये.

उन्हाळ्यात कुत्र्याला पार टकले करण्याची फॅशन निघाली आहे. गोचीड दिसतात हे खरे, पण ते केस त्याला उन्हापासूनही वाचवतात, आणि कातडी भाजते. कान, पोट, शेपटीचे बूड आणि पंजाचे गोंडे कातरले तरी शोधायला पुरेसे होते.

राहिले घर. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा निदान माती-चुन्याने बुजवाव्यात, कुत्रे झोपते त्या भिंतीपासून सुरुवात करावी. सगळे घर एकदम परवडणार नाही, एक भिंत पुरेशी आहे. पऱ्हाट्यांचा ढीग आणि पोती भिंतीपासून दूर. बाज उन्हात काढून तिच्या खाचांत उकळते पाणी ओतावे. कुत्र्याचे अंथरूण पोत्याचे असेल तर जाळून टाकावे, गोधडी असेल तर उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी. कुत्र्याची जागा सपरीत ठरवून द्यावी. बाजेवर, पोरांच्या अंथरुणात त्याला घेऊ नये, त्याचा कितीही हट्ट असो आणि पोरांचा त्याहून जास्त. हे सारे केल्यावरही दोन-अडीच महिने गोचीड निघत राहतील. अंड्यातून नवे निघतात, ते संपायला तेवढा वेळ लागतो. इथे पुष्कळ घरांचा धीर सुटतो आणि कुत्रे एका रात्री बाजारात किंवा नदीकाठी सोडून दिले जाते. केसाळ कुत्रे रस्त्यावर चार महिने काढत नाही, आणि भिंतीतले गोचीड त्या रात्रीनंतरही घरातच असतात.

दर रविवारी किती निघाले तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावा. पन्नास, बत्तीस, चौतीस, अठरा, असा तो उतरत जातो, मध्येच थोडा चढतो, पुन्हा उतरतो. आणि घरात कुणाला ताप आलाच तर ते पान फाडून दवाखान्यात सोबत न्यावे.